सांदकफू: भारत-नेपाळ सीमेवरच्या शिखरावर पायी कसं जावं

सांदकफूच्या माथ्यावर आता गाडी जाते. सकाळी पायथ्याच्या मानेभंज्यांगला जीपमध्ये बसलं की दुपारच्या चहाला माणूस ३,६३६ मीटरवर. मी पहिल्यांदा तसाच गेलो. आदल्या रात्री न्यू जलपाईगुडीला होतो, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीला, आणि दुसऱ्या संध्याकाळी बंगालच्या सर्वोच्च जागी. रात्रभर डोकं ठणकत राहिलं, पोटात काही ठरेना. पहाटे सगळे कांचनजंगा बघायला बाहेर धावले तेव्हा मी बादली जवळ घेऊन पलंगावर बसलो होतो. उन्हं वर आल्यावर खाली आणलं मला. पुढच्या खेपेला तीच वाट पायी केली, चार रात्री वाटेत घालवून, आणि माथ्यावर पोहोचलो तेव्हा भूक लागलेली होती. त्या उंचीवर भूक लागणं म्हणजे शरीर ठीक आहे याची मोठी खूण.

म्हणून हा लेख पायी जाणाऱ्यांसाठी आहे. आठ दिवस हातात असतील तर पूर्ण वाट, सहा असतील तर छोटी. त्याहून कमी दिवस असतील तर वाटेवरच्या पहिल्या मुक्कामापर्यंत, तुमलिंगपर्यंत, जाऊन या, तेही सुंदर आहे. पण घाईने सांदकफू करू नका.

आधी ही जागा समजून घ्या

सिंगालीला ही कांचनजंगाच्या बाजूने दक्षिणेकडे उतरत आलेली डोंगरसोंड. तिच्या धारेवरून भारत आणि नेपाळची सीमा जाते. पूर्वेला पश्चिम बंगालचा दार्जिलिंग जिल्हा, पश्चिमेला नेपाळचा इलाम जिल्हा. १८१६ साली पक्क्या झालेल्या सुगौली तहाने मेची नदी ही नेपाळची पूर्व सीमा ठरली, आणि नदीच्या वरच्या अंगाला ही धार सीमा झाली. कुंपण नाही, भिंत नाही. वाटेच्या कडेला मधूनमधून दगडी सीमास्तंभ दिसतात, तेवढंच. चालताना तुम्ही दिवसातून कित्येकदा देश बदलता. तुमलिंगला रात्री जिथे झोपता ते घर नेपाळात असतं. जौबारी हे अख्खं गावच नेपाळात आहे. सांदकफूच्या माथ्यावरही काही लॉज या बाजूला, काही त्या बाजूला.

यातली रोमांचक बाजू खरी आहे, पण व्यवहाराची बाजूही आहे: कागदपत्रं, मोबाइल, नोटा आणि घड्याळ, चारही गोष्टींवर सीमेचा परिणाम होतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

वाटेवरच्या नावांचे अर्थ माहीत असले की नकाशा आपोआप डोक्यात बसतो. नेपाळीत ‘भंज्यांग’ म्हणजे खिंड, ‘पोखरी’ म्हणजे तळं, ‘खोला’ म्हणजे ओढा. ‘माने’ म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत. ‘बिख’ म्हणजे विष. सांदकफूच्या अलीकडची खिंड बिखेभंज्यांग, कारण या उतारांवर बचनागाची झुडपं वाढतात. खुद्द ‘सांदकफू’ या नावाचा अर्थही ‘विषारी वनस्पतींची उंच जागा’ असाच सांगितला जातो. जांभळट निळी, टोपीसारखी फुलं दिसली तर हात लावू नका, आणि लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

पहिली पायरी: महिना ठरवा

डोंगर दिसायला हवे असतील तर ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर. पावसाने हवा धुतलेली असते, सकाळी आकाश स्वच्छ असतं, रात्री पारा शून्याच्या आसपास जातो. गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला बघायचा असेल तर एप्रिल. टोंगलूपासून पुढे लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची झाडं वाटेवर वाकलेली असतात. पण एप्रिलमध्ये दुपारी ढग आणि धुकं येतं, कधी गारा पडतात. फुलं आणि शिखरं एकाच दिवशी मिळणं हा नशिबाचा भाग. डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ पडू शकतो, थंडी कडक असते. पहिलीच हिमालयवारी असेल तर हे महिने टाळा.

१५ जून ते १५ सप्टेंबर सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असतं. त्यात पळवाट शोधू नका.

आणखी एक गोष्ट जी पश्चिमेकडून येणाऱ्याच्या लक्षात राहत नाही: इथे सूर्य फार लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या आत सूर्य जातो. एप्रिलच्या मध्याला सव्वापाचच्या सुमाराला उगवतो. आपला दिवसच पुढे सरकवावा लागतो. पाचला उठणं, साडेसहाला चालायला लागणं, दोनच्या आत मुक्कामी. दुपारनंतर धारेवर ढग चढतात आणि वीस पावलांपलीकडचं दिसेनासं होतं.

दुसरी पायरी: रात्री मांडा, मग दिवस

बहुतेक जण किलोमीटर मोजून आखणी करतात. मी म्हणतो, कुठल्या रात्री किती उंचीवर झोपणार ते आधी लिहा. शरीर उंचीला जुळवून घेतं ते मुख्यतः विश्रांतीत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. ही वाट त्या नियमात सुंदर बसते:

- रात्र १: मानेभंज्यांग, साधारण २,००० मीटर
- रात्र २: तुमलिंग, साधारण २,९७० मीटर
- रात्र ३: कालीपोखरी, साधारण ३,१८० मीटर
- रात्र ४: सांदकफू, ३,६३६ मीटर
- रात्र ५: सांदकफूलाच, राखीव
- रात्र ६: फालुत, साधारण ३,६०० मीटर
- रात्र ७: गोर्खे, साधारण २,३०० मीटर
- दिवस ८: रम्माम, सिरीखोलामार्गे रिंबिक

दुसऱ्या रात्रीची उडी मोठी आहे, पण ती ३,००० च्या आतली आहे. तरी ज्यांना शंका वाटते त्यांनी पहिला मुक्काम मानेभंज्यांगऐवजी वर चित्रेला करावा, किंवा एक दिवस आधी दार्जिलिंगला येऊन राहावं.

पाचवी रात्र कापण्याचा मोह सगळ्यांना होतो. कापू नका. एका पहाटे ढग असले तर दुसरी पहाट हातात हवी. इतक्या लांब येऊन फक्त पांढरं धुकं बघून परतलेली माणसं मी प्रत्येक खेपेला बघतो. सहाच दिवस असतील तर फालुत सोडा, सांदकफूची राखीव रात्र ठेवा आणि तिथून गुरदुममार्गे थेट सिरीखोलाला उतरा.

तिसरी पायरी: कागदपत्रं, गाइड, पैसे

भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. पण वाटेवर सशस्त्र सीमा बलाची ठाणी आहेत आणि ती ओळखपत्र बघतात, नावं नोंदवून घेतात. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रत घ्या, सोबत आधार ठेवा. दोन-तीन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका, बॅटरी थंडीत दगा देते. बरोबर परदेशी पासपोर्ट असलेलं कोणी असेल तर त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. मानेभंज्यांगला पोहोचल्याबरोबर, चालायला लागण्याआधी, ते विचारून घ्या.

उद्यानात स्थानिक गाइड सक्तीचा आहे. तो मानेभंज्यांगला नोंदणी करून मिळतो, उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं. पावत्या फेकू नका, पुढे तपासतात. गाइडला ओझं वाहायला लावायचं नसतं. सामान जड असेल तर पोर्टर वेगळा घ्या. गाइडच्या जेवणाखाणाचं आणि मुक्कामाचं काय ठरलंय ते पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला. आणि त्याला घाईने पळवू नका. जंगलात तो जे दाखवतो ते आपल्याला एकट्याने कधीच दिसलं नसतं.

एटीएम वर नाही. दार्जिलिंगला किंवा सिलीगुडीला पैसे काढा, शक्य तितके शंभरच्या आणि त्याहून लहान नोटांत. नेपाळच्या बाजूच्या लॉजवाल्यांना भारतीय रुपये चालतात, पण पाचशेची मोड त्यांच्याकडे असेलच असं नाही.

आता घड्याळ. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. धारेवर तुमचा मोबाइल नेपाळचा टॉवर पकडतो आणि वेळ आपोआप बदलतो, मग पुढच्या वळणावर परत भारताची वेळ. पहाटेचा गजर, जीप सुटायची वेळ, सगळ्यात गोंधळ होतो. मानेभंज्यांगलाच मोबाइलमधली वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करा आणि रोमिंगही बंद ठेवा, नाहीतर बिल येतं. लॉजमध्ये ‘सहाला निघू’ असं ठरलं तर कुठल्या देशाचे सहा, ते विचारा. खरंच विचारावं लागतं.

ड्रोन घरीच ठेवा. राष्ट्रीय उद्यान आणि आंतरराष्ट्रीय सीमा, दोन्ही कारणं पुरेशी आहेत.

चौथी पायरी: शरीर आणि पिशवी

या वाटेला दोर लागत नाही, गिर्यारोहणाचं कौशल्य लागत नाही. लागतो तो दम, आणि मुख्य म्हणजे गुडघे. निघण्याआधी किमान दोन महिने आठवड्यातून चार दिवस पाऊणएक तास भरभर चाला, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन जिने चढा. उतरण्याचाही सराव करा. शेवटच्या दोन दिवसांत १,७०० मीटरहून जास्त उतार आहे आणि तिथे चांगले चढणारेही लंगडायला लागतात.

सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणाऱ्यांना माझं विशेष सांगणं आहे. पायांत ताकद आहे म्हणून तुम्ही पहिल्या दिवशी जोरात सुटाल, आणि उंचीचा त्रास पहिल्यांदा तुम्हालाच होईल. विरळ हवेचा आणि तंदुरुस्तीचा संबंध फार थोडा आहे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो, आणि तो कसलेल्याला आणि नवख्याला सारखाच लागू पडतो. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य अर्ध्यावर तुटू लागलं की वेग जास्त झाला.

रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. उंचीचा त्रास टाळण्यासाठी ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध आहे, ते चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ते चालेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. औषध हे हळू चढण्याला पर्याय नाही.

पिशवीत काय भरायचं याच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात, त्यामुळे मी फक्त नेहमी चुकणाऱ्या गोष्टी सांगतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा कपडा, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं किंवा तसंच उबदार जाकीट, आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं. धारेवर वारा थंडीपेक्षा जास्त छळतो. झोपताना घालायचा मोज्यांचा एक जोड वेगळा ठेवा, तो दिवसा कधीच घालायचा नाही. बूट निदान महिनाभर वापरलेले हवेत. चालायच्या दोन काठ्या, एक नव्हे. डोक्याला लावायची बॅटरी, कारण पहाटे अंधारात निघायचं असतं. वर वीज बरीचशी सौरऊर्जेवर, म्हणून पॉवर बँक, आणि ती रात्री पांघरुणात घेऊन झोपा. काळा चष्मा. दोन लिटर पाण्याची सोय.

पाण्याबद्दल थोडं. ही धार आहे, ओढे खाली राहतात. लॉजवाले पाणी लांबून आणतात. अंघोळीसाठी गरम पाण्याच्या बादल्या मागत बसू नका. प्यायचं पाणी उकळून घ्या किंवा शुद्ध करण्याच्या गोळ्या टाका, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या विकत घ्याव्या लागणार नाहीत. वर टाकलेली बाटली खाली कोणी आणत नाही.

पाचवी पायरी: मानेभंज्यांग गाठणं

न्यू जलपाईगुडी स्टेशन किंवा बागडोगरा विमानतळ. तिथून मिरिक, सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांग, गाडीने साधारण चार तास. पूर्ण गाडी ठरवणं सोपं. दार्जिलिंगहून आलात तर सुमारे २६ किलोमीटर, रिंबिककडे जाणाऱ्या शेअर जीप याच वाटेने जातात. दुपारपर्यंत पोहोचा, गाइडची नोंदणी उरका, बाजारात एक चक्कर मारा. इथे अजूनही जुन्या लँड रोव्हर उभ्या दिसतील. कित्येक दशकांपूर्वीच्या या गाड्या इथल्या चालकांनी स्वतः दुरुस्त करत जिवंत ठेवल्या आहेत. आदराने बघाव्यात अशाच आहेत त्या.

चालायला लागल्यावर

पहिला दिवस, मानेभंज्यांग ते तुमलिंग, साधारण १२ किलोमीटर. सुरुवातच अंगावर येते. चित्रेपर्यंतचे पहिले दोन-तीन किलोमीटर सगळ्या वाटेतल्या कठीण टप्प्यांपैकी आहेत आणि पाय अजून तापलेले नसतात. इथे दम लागला म्हणून खचू नका. चित्रेला गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे, हिरवं पठार आहे, चहा मिळतो. पुढे लामेधुरा, मग मेघमा. नाव सार्थ आहे, ही जागा बहुतेक वेळा ढगातच असते. मेघमाला नोंद होते आणि वाट फुटते: डावीकडची नेपाळातून तुमलिंगला, उजवीकडची चढून टोंगलूला, ३,०७० मीटर. आकाश मोकळं असेल आणि पायांत बळ असेल तर टोंगलूवरून जा. उंच चढून मग जरा खाली येऊन झोपणं शरीराला मानवतं. शिवाय टोंगलूवरून पहिल्यांदा समोर कांचनजंगा दिसते, तो क्षण चुकवू नये.

दुसरा दिवस, तुमलिंग ते कालीपोखरी, साधारण १३-१४ किलोमीटर. गैरीबासपर्यंत ३५० मीटर उतार आहे. दोन पर्याय असतात: जौबारीवरून गाडीरस्ता, किंवा उद्यानाच्या जंगलातली पायवाट. पायवाटच घ्या. ओक, गुरांस, आणि दाट मालिंगो, म्हणजे बारीक बांबू. हा बांबू लाल पांडाचं खाणं. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या लाल पांडाच्या दोन माद्या २००३ साली याच जंगलात सोडल्या होत्या. दिसेलच असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, पण शक्यता वाढवता येते: पहाटे निघा, गप्प चाला, जमिनीवर नाही तर शेवाळ चढलेल्या आडव्या फांद्यांवर बघा. त्याचा लालसर रंग शेवाळाच्या रंगात इतका मिसळतो की गाइडने बोट दाखवल्यावरही मिनिटभर दिसत नाही.

गैरीबासला कागद तपासतात. तिथून कैयाकटापर्यंतचा चढ उभा आहे. गैरीबासला पोटभर जेवून लगेच चढायला लागू नका, थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, थोडा घ्या, अर्धा तास बसा. कैयाकटानंतर वाट सौम्य होते आणि झेंड्यांनी वेढलेलं कालीपोखरीचं काळसर तळं येतं. स्थानिकांसाठी ते पवित्र आहे. त्यात पाय बुडवू नका, बाटली भरू नका, दगड फेकू नका.

या रात्रीपासून एकमेकांकडे लक्ष ठेवायला लागा. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, जेवणाची इच्छा नसणं, चक्कर, विलक्षण थकवा: हा उंचीचा त्रास आहे असंच धरून चाला. ‘उन्हाने झालं असेल’, ‘काल झोप नीट झाली नाही’ अशी समजूत घालू नका. मी तेच केलं होतं. सौम्य त्रास असेल तर त्याच उंचीवर थांबा, पाणी आणि हलकं जेवण घ्या, बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. झोपेच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. तोंगबा, म्हणजे कोदोची (नाचणीची) गरम दारू, इथे प्रेमाने देऊ करतात. ती परतीच्या वाटेवर गोर्खेला घ्या, चढताना नाही.

थांबूनही त्रास वाढत असेल, स्वस्थ बसलेलं असताना धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, बोलण्यात गोंधळ असेल, टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर हा जिवावरचा प्रसंग आहे. त्या क्षणी खाली न्यायचं, रात्र असली तरी. सकाळची वाट बघायची नाही. ज्या गाडीरस्त्याला आपण दिवसभर नावं ठेवतो तोच इथे उपयोगी पडतो. लॉजवाल्याला उठवा, गाडी मागवा, मानेभंज्यांग आणि पुढे दार्जिलिंगचं जिल्हा रुग्णालय. माणसाला एकट्याने पाठवू नका.

तिसरा दिवस अंतराने छोटा, सहाच किलोमीटर. बिखेभंज्यांगपर्यंत जवळपास सपाट, मग चार किलोमीटर सरळ चढ. हल्ली बऱ्याच भागात काँक्रीट झालंय आणि वळणावळणाचा रस्ता कंटाळवाणा वाटतो. गाइड मधल्या पायवाटा दाखवेल, त्या उभ्या आहेत पण जंगलातून जातात. तीन-चार तास लागले तरी हरकत नाही. पोहोचल्याबरोबर पांघरुणात शिरू नका. गरम काहीतरी प्या, तासभर संथ फिरा, दुसऱ्या दिवशी पहाटे कुठे उभं राहायचं ती जागा उजेडात बघून ठेवा.

माथ्यावरची पहाट

सूर्योदयाच्या निदान पाऊण तास आधी बाहेर या. सगळे कपडे अंगावर चढवा, कारण आता चालायचं नाही, उभं राहायचं आहे. उत्तरेला तोंड करा.

समोर, सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटरवर, झोपलेला बुद्ध. डावीकडे कुंभकर्ण, ७,७१० मीटर, हा चेहरा. मधे कांचनजंगा, ८,५८६ मीटर, हे पोट. उजवीकडे पांडिम शिखराच्या बाजूला पाय. एकदा आकृती डोळ्यांना सापडली की पुन्हा सुटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच कांचनजंगाला जगातलं सर्वोच्च शिखर मानत. तेही सीमेवरचंच शिखर, एका बाजूला सिक्कीम, दुसऱ्या बाजूला नेपाळ. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड यांनी ते पहिल्यांदा सर केलं, आणि सिक्कीमच्या लोकांना ते पवित्र आहे म्हणून दिलेल्या शब्दाला जागून ते अगदी टोकावर चढले नाहीत, काही पावलं खाली थांबले. पुढच्या कितीतरी गिर्यारोहकांनी ती रीत पाळली.

आता डावीकडे, वायव्येला वळा. बुद्धापासून बऱ्याच अंतरावर तीन टोकं एकमेकांना खेटून दिसतील. डावीकडून ल्होत्से, ८,५१६ मीटर. मधे एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. उजवीकडे मकालू, ८,४८५ मीटर. जवळजवळ प्रत्येक जण मकालूलाच एव्हरेस्ट समजून फोटो काढतो, कारण ते मोठं दिसतं. मकालू आपल्याला वीसएक किलोमीटर जवळ आहे, एवढंच त्याचं कारण. त्याच्यामागे जरा डावीकडे, मान आखडून उभं असल्यासारखं जे दिसतं ते एव्हरेस्ट. जगातल्या सर्वांत उंच पाच शिखरांपैकी चार एका जागी उभं राहून दिसतात.

उजेड आधी कांचनजंगाच्या टोकावर पडतो, राखाडीतून गुलाबी, मग केशरी, आणि तिथून खाली झिरपत येतो. हे सगळं काही मिनिटांत होतं. फोटो काढणाऱ्यांना एकच सांगतो: जास्तीची बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा, पहिले दहा फोटो झाले की कॅमेरा खाली घ्या आणि नुसतं बघा. आठ-नऊच्या सुमाराला दरीतून ढग वर यायला लागतात.

ढगच असतील तर आत जाऊन झोपू नका. अर्ध्या तासात पडदा सरकलेला मी बघितला आहे. नाहीच सरकला तर राखीव दिवस आहे.

फालुत

सांदकफू ते फालुत २१ किलोमीटर, आणि माझ्या मते अख्ख्या वाटेतला सर्वांत सुंदर दिवस. मोकळी गवताळ धार, वाळलेले पांढरे सिल्व्हर फर, डावीकडे नेपाळ, उजवीकडे भारत, आणि चालताना कांचनजंगा सतत समोर. चढ-उतार सौम्य आहेत, लांबी हीच अडचण. साडेसहाच्या आत निघा, जेवण बांधून घ्या, पाणी पूर्ण भरून घ्या कारण वाटेत भरवशाचं पाणी नाही. १४ किलोमीटरवर सबरग्राम. धुक्यात या मोकळ्या धारेवर वाट हरवणं सोपं आहे, म्हणून गट फुटू देऊ नका. विजा चमकायला लागल्या तर धारेवरून बाजूला, खाली उतरा, काठ्या दूर ठेवा.

फालुतला मुक्कामाची सोय मोजकीच आणि साधी. जागा आहे का हे सांदकफूहून निघण्याआधी गाइडकडून पक्कं करून घ्या. बंगाल, सिक्कीम आणि नेपाळ यांचा सांधा इथून जवळ आहे. पहाटेचा वारा इथे सांदकफूपेक्षा बोचरा, पण कांचनजंगा आणखी पुढे सरकलेली असते.

उतरताना

फालुत ते गोर्खे साधारण १५ किलोमीटर आणि १,३०० मीटर उतार. पायाची नखं आदल्या रात्री कापा, बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत, काठ्या थोड्या लांब करा. पावलं छोटी टाका. जंगल हळूहळू दाट होतं, हवा जड आणि गोड लागते, आणि गोर्खे येतं: ओढ्याकाठचं छोटं गाव, पलीकडे सिक्कीम. इथे झोप इतकी गाढ लागते की उठवत नाही.

शेवटच्या दिवशी समनदेनचं सपाट गवत, रम्माम, सिरीखोलाचा झुलता पूल. अंतर मोठं वाटलं तर रम्माम किंवा सिरीखोलाला एक रात्र वाढवा. छोटी वाट घेतलेल्यांसाठी सांदकफू ते सिरीखोला हा १६ किलोमीटरचा सलग उतार आहे, गुडघे दुखरे असतील तर मधे गुरदुमला थांबा.

रिंबिकहून दार्जिलिंगकडे जाणाऱ्या शेअर जीप पहाटे सुटतात आणि लवकर भरतात. संध्याकाळी पोहोचल्याबरोबर, बूट काढण्याआधी, जागा सांगून ठेवा. परतीची रेल्वे त्याच दिवशी रात्रीची धरू नका, डोंगरातला रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. आणि गाइडचा हिशेब रिंबिकला, सगळ्यांसमोर, रोख चुकता करा. त्याला तिथून परत मानेभंज्यांगला जायचं असतं, त्याच्या जीपचं भाडंही त्यात धरा.